एक तोडलं तर दहा लावू : कार्बनचा हिशोब खरंच जुळतो का?

गोदाकाठ
नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा विषय निघाल्यापासून घरात, रिक्षात, सकाळच्या फिरण्यात एकच वाक्य कानावर येतंय : "एक तोडलं तर दहा लावू, काय बिघडतं?" माझं म्हणणं, पुष्कळ बिघडतं, आणि ते आकड्यांत दाखवता येतं.

परवा शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गल्लीच्या टोकाच्या चिंचेपाशी गेले. घेर छातीच्या उंचीला मोजतात, जमिनीपासून १.३७ मीटरवर. टेप दीड मीटरची, त्यामुळे सालीवर खडूची खूण करून दोनदा लावावी लागली. सालीच्या भेगांतून मुंग्यांची रांग चालली होती, ती चुकवत चुकवत. घेर भरला अडीच मीटर. बाजूलाच पाच-सहा वर्षांपूर्वी लावलेलं करंज आहे, त्याचा ३१ सेंटिमीटर. म्हणजे चिंचेचा व्यास ८० सेंमी, करंजाचा १०. उंची अंदाजे १८ आणि ७ मीटर धरली.

उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेलं एक सूत्र सर्रास वापरतात. व्यासाचा वर्ग, उंची आणि लाकडाची घनता यांच्या गुणाकारावरून झाडाचं जमिनीवरचं कोरडं वजन काढायचं. दोघांची घनता मी मुद्दाम सारखीच, ०.६ (घनसेंटिमीटरला ग्रॅम) धरली. करंज आलं सुमारे २४ किलो, चिंच साडेतीन टन. कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. म्हणजे एका चिंचेच्या तोडीला अशी दीडशे करंजं हवीत, आणि तीही सगळी जगलेली. प्रत्यक्षात चिंचेचं लाकूड ०.६ पेक्षा जडच असतं.

आपल्या राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वेगळं संरक्षण मिळालं, आणि झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरलं. साठ वर्षांच्या चिंचेला साठ रोपं. दहापेक्षा खूप बरं, पण दीडशेच्या जवळपासही नाही. झाडांची नुसती संख्या मोजून चालणार नाही. कोणतं झाड, केवढं, आणि कोणाच्या सोबतीनं उभं आहे, ते बघायला हवं.

म्हसरूळचा
ताई, कळकळ पटली, पण हिशोब अर्धा आहे. तुम्ही साठा मोजला, वाढ मोजली नाही. जुनं झाड भरलेल्या रांजणासारखं, त्यात आणखी किती मावणार? कोवळी लागवड झपाट्याने वाढते.

दुसरं, जातींबद्दल. गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडिया, बाहेरदेशातून आणलेलं झाड) सगळे नावं ठेवतात. मी तीन पावसाळे मुरमाड टेकडीवर रोपं लावलीत. वड, बहावा, कडुनिंब लावले, मे महिन्यात टँकरने पाणी घातलं, तरी बहुतेक करपली आणि उरलेली गुरांनी खाल्ली. जगलं ते गिरिपुष्पच. ते जमिनीला नत्र देतं, आणि त्याचं लाकूडही काही हलकं नाही. उघड्या बोडक्या टेकडीपेक्षा ते शंभर पटीने बरं.

गोदाकाठ
रांजणाची उपमा एका झाडाला लागू होत नाही, दादा. २०१४ मध्येच 'नेचर'मध्ये ४०३ जातींचा अभ्यास आला होता. त्यातल्या बहुतेक जातींमध्ये झाड जितकं मोठं, तितकी त्याची वर्षाची वजनवाढ जास्त निघाली. खोड जाड असलं की पातळसं वर्षवलयसुद्धा (दरवर्षी चढणारा लाकडाचा थर) मोठ्या घेरावर चढतं, आणि पानांचा पसाराही मोठा असतो.

म्हसरूळचा
एका झाडापुरतं मान्य. पण एकराचा हिशोब करा. जुन्या रानात झाडं मरतात, पडतात, कुजतात. तिथली एकूण वाढ मंदावतेच.

गोदाकाठ
हे बरोबर आहे, मी मान्य करते. एकराची वाढ मंदावते. पण म्हणून साठलेलं आहे ते मोडायचं का? जुनं झाड तोडून जाळलं तर त्याचा कार्बन त्याच वर्षी हवेत जातो. नवी लागवड तो परत गोळा करेपर्यंत आपली नातवंडं म्हातारी होतील.

पेठकडचा
आमच्याकडच्या रानाचं सांगतो. सादडा (पुस्तकात ऐन), खैर, मोह, साग, मध्येच पांगारा. कुऱ्हाड चालवणाऱ्याला जातीतला फरक हातालाच कळतो. पांगाऱ्याची मोळी एवढीशी पोरगी उचलते, तेवढ्याच खैराला बाप्या लागतो. तेवढ्याच आकाराच्या वाळल्या लाकडात खैराचं वजन पांगाऱ्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे कार्बनही तसाच.

पण म्हणून नुसता खैर लावा असं मी म्हणणार नाही. चीनमध्ये डोंगरउतारावर मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. आठ वर्षांनी १६ जाती मिसळलेल्या तुकड्यांत हेक्टरी ३२ टन कार्बन होता, एकाच जातीच्या तुकड्यांत सरासरी १२. कारण आमच्या रानात डोळ्यांनी दिसतं. सादड्याची पानं वर ऊन घेतात, खाली करवंदीला गाळीव उजेड पुरतो, मुळंही वेगवेगळ्या थरात पाणी शोधतात.

नुसत्या सागाच्या लागवडीत आषाढात उभं राहून बघा. रुंद पानावर पाणी गोळा होतं आणि टपोरा थेंब उंचावरून उघड्या मातीवर पडतो, लाल चिखल पार घोट्यापर्यंत उडतो. खाली झुडपं नाहीत, पालापाचोळा वणव्यात गेलेला. तिथं माती टिकत नाही.

वाड्यातली
सागाला इतकं धारेवर धरू नका. जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या तुळया शंभर वर्षांहून जुन्या आहेत. तो कार्बन अजून घरातच आहे ना? इमारती लाकूड वापरलं तर सिमेंट-लोखंडही तेवढं कमी लागतं.

पेठकडचा
तुळईत जातो तो सरळ खोडाचा गाभा. फांद्या, साल, मुळं, करवतीचा भुसा हे सगळं जळतं नाहीतर कुजतं. तुमच्या तुळया सांभाळा, त्या मोलाच्याच आहेत. मात्र त्यांच्या जिवावर उभं रान तोडता येणार नाही.

माळरान
सगळे झाडांवरच बोलताय. देशाच्या वनसर्वेक्षण अहवालात जंगलांच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत धरलेला आहे. आणि आपण करतो काय, तर गवताळ पठारावर जेसीबीने खड्डे खणतो. अंजनेरीच्या पठारावर श्रावणात या. वीतभर मातीत गवत, तेरडा, आणि तिथलंच नाव मिळालेलं कंदीलपुष्प. तिथं झाड नाही म्हणजे ती जागा रिकामी नाही. गवताचा कार्बन मुळांत असतो, वणवा वरचं जाळतो, खालचं बरंचसं राहतं. अशा जागी लागवड करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

गोदाकाठ
+१. हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

म्हसरूळचा
गवताबद्दल सहमत. आमची टेकडी मात्र गवताची नव्हती, खरवडलेली होती. तिथं एक गोष्ट पाहिलीय. गिरिपुष्प कमरेच्या वर गेल्यावर त्याच्या सावलीत भोकर आणि करवंद आपोआप उगवली, पाखरांनी बी आणलं असणार. पण ती गुडघ्याएवढी झाली की तिथंच थांबली. खाली ऊनच पोचत नाही. ताई, तुम्ही असता तर गिरिपुष्प तोडलं असतं का?

गोदाकाठ
सरसकट नाही. एकदम सगळं काढलं तर माती परत उघडी पडेल. जिथं भोकर आलंय तिथली दोन-तीनच छाटायची, फांद्या तिथंच आच्छादन म्हणून पसरायच्या, आणि पहिल्या पावसात त्या कवडशात मोह, सादड्याचं बी टोचायचं. पुढच्या वर्षी शेजारची दोन-तीन. पेठकर दादा, सादड्याचं बी कधी गोळा करतात?

पेठकडचा
पंख असलेली फळं उन्हाळ्यात खाली पडायला लागतात. मी दोन पिशव्या भरून ठेवतो. मोहाच्या बियांना मात्र घाई करावी लागते, आठ-पंधरा दिवसांतच पेरा, नाहीतर उगवत नाहीत.

म्हसरूळचा
पिशव्या घ्यायला मी येतो. ताई, तुम्ही टेप आणा, मोठी. आधी भोकरांचा घेर लिहून ठेवू.