आंधळा मोत्या कानाले हात लावू देत नाही

वावरवाला, दारव्हा:
माह्या कुत्र्याचं नाव मोत्या, अन् दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नऊ वर्षांचा आहे, आता काहीच दिसत नाही. तरी पऱ्हाटीच्या वावरात माह्यामागं फिरते अन् अंगभर गोखरू, गोचीड घेऊन येते. पोळ्यापर्यंत हात लावू देत होता. आता कानाजवळ बोट गेलं की गुरगुरते. परवा पोट्ट्यानं धरून ठेवला, मी गोचीड ओढले, तर माह्या अंगठ्याले दात लावला. लोक म्हणतात तोंड बांध. शेजारी म्हणते कपाशीचं औषध पाण्यात टाकून आंघोळ घाल.

जागल्या:
अंगठा पंधरा मिनिटं साबणानं धुतला का? आजच दवाखान्यात जा. अन् कानातून वास येते का, डोकं झटकते का तेबी पाहा. दुखत असंल तर आधी इलाज.

चांदीची माय, वर्धा:
भाऊ, फवारणीचं औषध चुकूनही नको. २०१७ साली तुमच्याच यवतमाळात फवारता फवारता माणसं गेली, मोत्या तर अंग चाटतो. डॉक्टरकडून वजनाप्रमाणे गोचिडाची गोळी घ्या, म्हणजे शिकवायला सवड मिळेल.

माझी कुत्री चांदी पांढरीफटक, जन्मापासून बहिरी. मागून हात लागला की दचकून तोंड घालायची. मग मी ठरवलं: आधी खांद्यावर दोन बोटं, मग कंगवा एकदाच, मग उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मोत्याले तर ऐकू येते. 'कान' म्हणा, थोडं थांबा, कानाला बोट लावा, मग अंडं. अंडं आधी दाखवू नका. मी तसं केलं, तर चांदी अंडं पाहिलं की खाटेखाली पळायची.

जागा एकच ठेवा. मी तुरीचं जुनं पोतं अंथरते. दिसत नसलं तरी पायाखाली पोतं लागलं की त्याले समजेल. अन् हनुवटी मांडीवर टेकवायला शिकवा. टेकलेली आहे तोवर हात चालवा, उचलली की त्याच क्षणी हात काढा. पहिल्या दिवशी चांदीनं तीनदा उचलली, तिन्हीदा थांबले. सासूबाई म्हणाल्या, कुत्रीच तुले शिकवून राहिली!

वावरवाला, दारव्हा:
सुई घेतली. कानात जखम निघाली, मलम चालू आहे. डॉक्टर म्हणे बरी होईस्तोवर कान सोडा, म्हणून 'पाय'पासून सुरू केलं. पोत्यावर येऊन बसते, हनुवटी अजून ठेवत नाही. तीन अंडी उकडली होती, दोन पोट्ट्यानंच खाल्ली.