गोळी गिळलीस? जीभ वर कर!

लालबागची_लेक
काल बिल्डिंगच्या ग्रुपवर एका काकांनी लांबलचक फॉरवर्ड टाकला. म्हणे यूएनच्या शांतिसेनेत आफ्रिकेला जाणाऱ्या आपल्या जवानांना मलेरियाच्या गोळ्या जबरदस्तीने खायला घालतात, सगळा कंपन्यांचा धंदा, मावळे काय गोळ्या खाऊन लढले का, गुळवेलीचा काढा द्या. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. डोकंच फिरलं.

पप्पा काँगोत होते, गोमाला. जायच्या आधी पिवळ्या तापाची लस, तिथे रोज डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन, मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. संध्याकाळच्या फॉलिनला, म्हणजे हजेरीला, हवालदार मेजर समोर उभा, गोळी तोंडात, वर पाण्याचा घोट, मग "जीभ वर कर". कारण पोरं गालात दाबून ठेवायची न् मागे जाऊन गवतात थुंकायची. अंधार पडायच्या आत बाह्या खाली, कितीही उकडो, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली नसली की बोंब. आणि घरी आल्यावरही चार आठवडे डॉक्सी चालूच, आई म्हणायची इथे कुठे आलेत काँगोचे डास, पप्पा म्हणायचे डास नाही गं, रक्तात काय घेऊन आलोय ते कुणाला माहीत.

आणि मावळ्यांचं म्हणाल तर १९१६ चा कूतचा वेढा बघा, इराकमध्ये. वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांच्या पूना डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. भाजी संपली, घोड्याचं मटण आपली माणसं खाईनात, हिरड्या सडून स्कर्व्हीने पडली. शौर्य कमी होतं का त्यांचं?

माटुंगा_वर्कशॉप
ताई, भावना पोचल्या. पण धंदा नाही असं कसं म्हणता? मेफ्लोक्विन, मलेरियाचीच दुसरी गोळी, किती वर्षं सैनिकांना चारली, आठवड्याला एक, सोपी म्हणून. मग २०१३ ला अमेरिकेच्या औषध खात्याने पाकिटावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, चक्कर, भास, मनावर परिणाम, काहींची चक्कर कायमची. माझा मावसभाऊ बोटीवर होता, नायजेरियाच्या फेऱ्या, ही गोळी घेऊन रात्री केबिनमध्ये ओरडत उठायचा. त्याला कोण म्हणणार जीभ वर कर?

लालबागची_लेक
मी डॉक्सी लिहिलंय. वाचा तरी नीट.

माटुंगा_वर्कशॉप
डॉक्सीने उन्हात कातडी भाजते, आणि पाणी कमी पिऊन लगेच आडवं झालं की अन्ननलिकेला जखम. तेही लिहा मग.

रिटायर्ड_सिस्टर
दोघांचंही अर्धं बरोबर. मेफ्लोक्विन सोसत नसेल तर बदलून द्यायची, गोळीच बंद करून काढा द्यायचा हे कुठलं लॉजिक? २००३ ला अमेरिकेचे मरीन लायबेरियात उतरले, रात्री किनाऱ्यावर राहिलेल्या १५७ पैकी ६९ जणांना मलेरिया. गोळी मेफ्लोक्विनच दिली होती, पण रक्तात औषध पुरेसं सापडलंच नाही. म्हणजे गोळी पाकिटात न् ताप अंगात. दुसऱ्या महायुद्धात बर्मात १९४३ ला इंग्रजांच्या फौजेत एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे न्यावी लागत होती, मेपाक्रिनने, म्हणजे तेव्हाच्या मलेरियाच्या गोळीने, नामर्द होतो अशी अफवा म्हणून पोरं गिळायची नाहीत. शेवटी तिथल्या फौजेचा सेनापती जनरल स्लिमने अचानक तपासण्या लावल्या न् तीन कमांडिंग ऑफिसर घरी बसवले, मग बाकीचे सुतासारखे सरळ.

चाळकरी_परळ
तुम्ही बसा बर्मात. माझ्या डोक्यावरच्या टाकीचं झाकण मे महिन्यापासून तुटलंय, सेक्रेटरी म्हणतो पुढच्या मीटिंगला बघू. शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ पाण्यात होतो हो, गटारात नाही, टाकीतच. पोरीला गेल्या पावसाळ्यात दोनदा झाला. आम्हाला कोण शांतिसेना पाठवतंय?

सेक्रेटरी_पण_माणूस
झाकणाचा खर्च काढायचा तर सहा जणांचा मेंटेनन्स थकलाय. आणि टाकीवर चढून वाळवणं कोण घालतं? शिडीवरून वर कोण जातं?

चाळकरी_परळ
माझ्या आईचे पापड मध्ये आणू नका!!

रिटायर्ड_सिस्टर
दोनदा झाला म्हणता ना, कुठला? व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असेल तर नवा डास चावायलाच हवा असं नाही, तो लिव्हरमध्ये लपून बसतो न् महिन्यांनी उठतो. त्याला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो, द्यायच्या आधी रक्ताची एक तपासणी लागते. ताप उतरला की लोक चौथ्या दिवशी सोडतात.

चाळकरी_परळ
...पाचव्या. उलट्या होत होत्या तिला. पण टाकी उघडी ती उघडीच.

लालबागची_लेक
हा धागा टाकीचा नाहीये!

माटुंगा_वर्कशॉप
आहे. तेच सांगतोय, माणूस स्वतःच्या पोरीला १४ गोळ्या देऊ शकत नाही आणि जवानाने वर्षभर मुकाट्याने गिळायच्या. बरं, मावसभावाचं पुढचं सांगतो. त्याने वैतागून गोळी सोडली, कुणाला न सांगता. घरी आला, दहाव्या दिवशी ताप, गल्लीतल्या डॉक्टरने व्हायरल म्हणून सोडला, नायजेरियाचं ना त्यांनी विचारलं ना ह्याने सांगितलं. फॅल्सिपेरम निघाला, सगळ्यात जीवघेणा मलेरिया, डोक्यात गेलेला. आठ दिवस आयसीयू. वाचला. म्हणून गोळीच्या विरुद्ध नाहीये मी, कुठली देताय न् काय होतंय ते आधी विचारा एवढंच.

लालबागची_लेक
मग हे पहिल्याच रिप्लायला लिहायचं ना. मान्य, विचारायला हवं. पप्पांना विचारलं नव्हतं कुणी, त्यांना ते खटकलंही नाही. पण काढा?

माटुंगा_वर्कशॉप
काढ्याला मी कधी हो म्हटलं? तो तुमच्या काकांना द्या, जीभ वर करायला लावून.

सेक्रेटरी_पण_माणूस
झाकणाचं कोटेशन आणलंय. पापड उचला आधी.