लहान मुलांचा जज मतदानाने निवडावा का? आमच्या रदरफर्ड काउंटीची गोष्ट

स्मर्नावासी
मी अमेरिकेत टेनेसी राज्यात रदरफर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहतो, स्मर्नाला, जिथे निसानचा मोठा कारखाना आहे तिथे. आमच्याकडे बालन्यायालयाचा जज लोक मत देऊन निवडतात आणि एकदा निवडून आला की ८ वर्षं हलत नाही. इथे आलेल्या आपल्या लोकांना हे सांगितलं की आधी पटतच नाही.

आमच्याकडे हे पद २००० साली निर्माण झालं, तेव्हापासून २०२२ पर्यंत एकच व्यक्ती त्यावर होती, डॉना स्कॉट डॅव्हनपोर्ट. वकिलीची परीक्षा पाचव्या प्रयत्नात सुटली, मग इथेच बालन्यायालयात रेफ्री (जजच्या हाताखाली खटले ऐकणारा अधिकारी), मग थेट जज. स्थानिक रेडिओवर दर महिन्याला कार्यक्रम, त्यात पोरं कशी बिघडलीत, आईबाप कसे कमी पडतात हे सांगायच्या. स्वतःला काउंटीची आई म्हणायच्या. लोकांना ते आवडायचं, मत देत राहिले.

आणि आत काय चाललं होतं? २०१४ साली या काउंटीत कोर्टात आलेल्या मुलांपैकी ४८ टक्के डिटेन्शनमध्ये, म्हणजे मुलांच्या कोठडीत, टाकली गेली, राज्याची सरासरी ५ टक्के. एप्रिल २०१६ मध्ये मर्फ्रीसबरोच्या हॉबगूड शाळेतल्या प्रकरणात ११ मुलांना पकडलं. काय केलं होतं त्यांनी, तर शाळेबाहेर दोन चिमुरडी पोरं (५-६ वर्षांची!) एका मोठ्या मुलाला मारत होती ते बघत उभी होती, थांबवलं नाही म्हणून. जो गुन्हा लावला तो टेनेसीच्या कायद्यात गुन्हाच नाही. दोन वेण्या घातलेल्या ८ वर्षांच्या मुलीला बेड्या घातल्या. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती, तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं, ती बेडी बसली तरी कशी असेल हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कोर्टात उभी राहणारी मुलं मत देऊ शकत नाहीत आणि ज्याचं कामकाज मुलांच्या भल्यासाठी म्हणून बंद दाराआड चालतं, तिथल्या जजला मतदार कशाच्या आधारावर निवडणार? रेडिओवरच्या आवाजावर.

पुणेरी_मीनल
नाही पटलं. त्या गेल्या कशा ते तुम्ही सांगितलंच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने आणि नॅशव्हिलच्या पब्लिक रेडिओने सगळं छापलं आणि जानेवारी २०२२ मध्ये बाईंनी जाहीर केलं की परत उभी राहणार नाही. का? तर ऑगस्टमध्ये निवडणूक होती म्हणून! निवडणूकच नसती तर बसल्या असत्या रिटायर होईपर्यंत. आमच्या पुण्यात बघा, १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन जीव गेले, त्याच दिवशी गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन. आम्ही काय करणार होतो, कुणाला विचारणार होतो? त्या बाल न्याय मंडळातल्या एकालाही आम्ही निवडलेलं नव्हतं. मी त्या रस्त्याने रोज स्कूटरवर ऑफिसला जाते हो, माझा राग तुम्हाला अमेरिकेत बसून नाही कळायचा.

वऱ्हाडी_वकील
मीनलताई, राग बरोबर आहे, पण उत्तर चुकतंय. आपल्याकडे मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात एक तरी बाई हवीच. तो जामिनाचा हुकूम एकट्या सदस्याने दिला होता, तीन डोकी एकत्र बसलीच नाहीत. पुढे चौकशी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने दोन सदस्यांना काढलं. मतदान न घेता काढलं.

आणि त्याच वर्षी २५ जूनला हायकोर्टाने त्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडलं, लोक चिडलेले असतानाही, कारण कायदा तसं सांगतो. मताला बांधलेला जज असता तर त्या आठवड्यात ही हिंमत झाली असती का? मी स्वतः निरीक्षणगृहातल्या पोरांसाठी उभा राहिलोय, बाहेर माणसं ओरडत असली की आतलं पोरगं आपल्याकडे कसं बघतं ते विसरता येत नाही.

पुणेरी_मीनल
काढलं पाच महिन्यांनी, तेही देशभर बोंब झाली म्हणून. प्रत्येक केसला पोर्शे नसते. बोंब होत नाही तिथे कोण काढणार सांगा ना.

स्मर्नावासी
हा प्रश्न मात्र खरा आहे, माझ्याकडेही याचं पक्कं उत्तर नाही. पण आमच्याकडे मुलांना प्रत्यक्ष वाचवलं कोणी ते बघा. २०१७ मध्ये फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कोर्टाने इथली पोरं आत टाकायची पद्धत थांबवली आणि २०२१ मध्ये काउंटीला १ कोटी १० लाख डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली. फेडरल जज नेमलेला असतो, निवडलेला नाही. आणि डॅव्हनपोर्टबाईंनी माघार घेतली त्याच सुमारास विधिमंडळात त्यांना काढायचा ठराव आला होता, त्यामुळे फक्त मतदाराला घाबरून गेल्या असं नाही म्हणता येणार. मतदाराने तर तीनदा निवडून दिलं होतं.

फिलीकर
आमच्या पेनसिल्वेनियातलं पण लिहितो. लुझर्न काउंटीचा मार्क सियावरेला, १९९५ ला पोरांशी कडक वागेन म्हणून निवडून आला, २००५ ला परत कौल मिळाला. मागून खाजगी बालकारागृहवाल्यांकडून पैसे घेत होता. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सुमारे ४००० निकाल रद्द केले, त्याला २८ वर्षांची शिक्षा झाली. कितीतरी पोरांना वकीलच नव्हता, पालकांकडून नकोचा कागद सही करून घ्यायचे. निवडला का नेमला हे नंतर बोला, पोराशेजारी वकील उभा होता का ते आधी विचारा.

वऱ्हाडी_वकील
+१. हेच.

पुणेरी_मीनल
वकील हवा हे मान्य. तरी जज कोण हे ठरवताना माझं काहीच चालत नाही हे मला मान्य नाही. निदान मंडळाने वर्षाला किती पोरं आत टाकली, किती सोडली, सरासरी किती दिवसांत, हे नावं न देता छापा. स्मर्नावासी, तुमच्याकडचा तो ४८ टक्केचा आकडा २०१४ लाच मतदारांपुढे असता तर?

स्मर्नावासी
तर मी मत वेगळं दिलं असतं. नवीन जज सप्टेंबर २०२२ पासून आहेत, ट्रॅव्हिस लॅम्पली. यावेळी मी तो आकडा दरवर्षी काउंटीकडे मागणार आहे.