मदत हवी आहे: सासूबाईंच्या माकडहाडावर जांभळट डाग, बेडसोरची सुरुवात आहे का?

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून अंथरुणावरच आहेत. मधुमेहही आहे. जेवण अगदीच कमी, पेज आणि वरणाच्या पाण्यावर भागवतात.

काल अंग पुसताना माकडहाडावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा जांभळट डाग दिसला. वर्ण सावळा असल्यामुळे लाली आहे का ते कळत नाही. कातडी फाटलेली नाही. पण दाबलं तरी डाग फिका होत नाही, आणि तिथे हाताला घट्ट, गरम लागतं. उजव्या टाचेवर पाण्याचा फोडही आलाय.

शेजारच्या काकू म्हणतात, स्पिरिटने पूस, तेलाने चोळ. मेडिकलवाल्याने हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बसायची रबरी रिंग दिली. माझा कशालाच धीर होत नाही. डॉक्टर परवा घरी येणार आहेत. हे किती खोल आहे आणि तोवर काय करू, कृपया सांगा.

प्रतिसाद (निवृत्त वॉर्ड सिस्टर)

ताई, चोळू नका, हे सगळ्यात आधी. आतल्या रक्तवाहिन्या आधीच दबल्या आहेत, चोळल्याने त्या आणखी फाटतात. रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

कातडीचा वरचा थर एपिडर्मिस, खाली रक्तवाहिन्या आणि नसा असलेली डर्मिस, मग चरबी, स्नायू, हाड. न फाटलेल्या कातडीवर, दाबूनही फिकी न होणारी लाली ही बेडसोरची पहिली पायरी. डर्मिसपर्यंत गेलं की दुसरी, टाचेवरचा फोड बहुधा त्यातला. चरबी दिसली की तिसरी, स्नायू किंवा हाड उघडं पडलं की चौथी. पण तुमचा जांभळट, घट्ट डाग मला फोडापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. स्नायू कातडीपेक्षा लवकर मरतो, म्हणून वरून अखंड दिसणारी जागा आतून खराब झालेली असू शकते आणि काही दिवसांत उघडते. परवापर्यंत थांबू नका, डॉक्टरांना आजच फोन करून फोटो पाठवा.

तोवर त्या जागेवर अजिबात भार नको. दर दोन तासांनी कूस बदला, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत तिरकं ठेवा. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी राहू द्या. फोड फोडू नका. डायपर ओला झाला की लगेच बदला. पेरॉक्साइड आणि स्पिरिट नव्या पेशींनाही मारतात. जखम उघडलीच तर नॉर्मल सलाईनने धुवा.

रोज सारख्याच उजेडात फोटो काढा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. दुर्गंधी, पू, ताप, पसरणारी लाली, अचानक भ्रमिष्टपणा यातलं काही दिसलं तर थेट दवाखान्यात न्या. जेवणात अंडं, दही, मुगाचं घट्ट वरण वाढवा. गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरही तपासा.

धागाकर्ती

डॉक्टर आज संध्याकाळी येतो म्हणाले. खूप आभार. कुशीवर वळवताना लुळा हात कुठे ठेवू?

प्रतिसाद

लुळी बाजू वर असेल तर हात पुढे घेऊन उशीवर. ती खाली आली तर खांदा पुढे काढून घ्या, म्हणजे अंगाखाली दबणार नाही, आणि त्या कुशीवर कमी वेळ ठेवा. वळवताना हात धरून कधीच ओढू नका, खांदा निखळतो. चादरीला दोघांनी धरून उचलून वळवा, घसटत नेलं तर कातडी सोलते.