चर्चा: साहेब निवृत्त होणार म्हणून पालिकेचा आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता) बदलावा का?

सहीशिक्का (धागाकर्ता)

शहर लहान असो की मोठं, पालिकेच्या प्रशासनात हा प्रसंग कधी ना कधी येतोच. प्रशासनप्रमुख किंवा एखादा वजनदार खातेप्रमुख निवृत्तीला टेकतो. तारीख पहिल्या दिवसापासून सेवापुस्तकात असते, पण धावपळ सुरू होते शेवटच्या तीन महिन्यांत. मग ठरलेला प्रस्ताव पुढे येतो: मधली दोन पदं रद्द करा, त्या पैशांत 'उपप्रमुख' असं नवं पद काढा, आतलाच एखादा हुशार अधिकारी तिथे बसवा, वर्षभर साहेबांच्या हाताखाली घडवा. साहेब गेले की तो वर सरकेल.

माझा याला विरोध आहे. पण पुढची फळी तयार करणंच गैर, असं म्हणणाऱ्यांच्या गोटातही मी नाही. म्हणून हा धागा.

आधी पदाचं बोलू. आकृतिबंध कामावरून ठरावा, माणसावरून नव्हे. अशा उपप्रमुखाची कर्तव्यसूची मागून बघा. 'प्रमुख वेळोवेळी सोपवतील ती कामे' याच्यापुढे ती फारशी जात नाही. ज्या दोन पदांचा बळी देऊन हे पद उभं राहतं, त्यांची कामं मात्र खरी असतात. अंतर्गत लेखापरीक्षण, नियोजन, प्रशिक्षण, असली. ती रोज कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, म्हणून कुऱ्हाड त्यांच्यावर पडते.

आता वारसाचं. एकाचं नाव पक्कं झालं की उरलेले चार खातेप्रमुख काय समजायचं ते समजतात. चांगले असतील ते दुसरीकडे अर्ज टाकतात, बाकीचे नव्या साहेबाच्या दारात उभे राहू लागतात. त्यापेक्षा तिघाचौघांना फिरवा. लेखा विभागातल्याला काही महिने पाणीपुरवठा द्या, अभियंत्याला अर्थसंकल्प मांडायला लावा, साहेब रजेवर गेले की कार्यभार आळीपाळीने द्या. मग जाहिरात काढा आणि बाहेरच्यांबरोबर यांनाही मुलाखतीला बसवा.

आणि 'प्रभारी' ही सोय कृपा करून कमाल सहा महिन्यांवर आणा. काही प्रभारी प्रभारी म्हणूनच निवृत्त होतात, आणि प्रभारी माणूस जड निर्णयाच्या फाईलवर कधी सही करत नाही. 'चर्चा करावी' एवढाच शेरा.

वजाबाकी

असहमत, आणि बऱ्यापैकी. तुमचा 'तिघाचौघांना फिरवा' हा उपाय म्हणजे एका लाडक्याऐवजी चार लाडके. कुणाला फिरवायचं हे ठरवणार कोण? जाणारे साहेबच ना? पालिकेचा कारभार ही कुणाची वडिलोपार्जित पेढी नाही. पद रिकामं झालं की जाहिरात, अर्ज, निवड. त्याआधी कुणाला 'तयार' करून ठेवणं म्हणजे पेपर फोडण्याची सभ्य पद्धत आहे.

आणि निवडून आलेल्यांचं काय? प्रमुख बदलण्याची वेळ ही नव्या सभागृहाला दिशा बदलण्याची एकमेव खरी संधी असते. आतलाच घडवलेला माणूस म्हणजे जुन्याच साहेबांची पुढची आवृत्ती.

कॅलिफोर्नियातलं बेल शहर आठवा. चाळीस हजारांच्या आतली, गरीब वस्तीची नगरपालिका. रॉबर्ट रिझो १९९३ पासून तिथे प्रशासक. २०१० मध्ये बाहेर आलं की त्याचा पगार वर्षाला सुमारे ७,८७,००० डॉलर होता आणि त्याच्या सहायक अधिकारीबाईंचाही अवाढव्य होता. २०१४ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. सतरा वर्षं एकच माणूस, हाताखाली त्यानेच नेमलेली माणसं. 'कारभार खंडित होणार नाही' याची परमावधी झाली की असं होतं.

सहीशिक्का

@वजाबाकी, बेलचं उदाहरण माझ्यावर लागू होत नाही. तिथे पुढची फळी नव्हती म्हणून नाही, तर वर बघणारं कुणी नव्हतं म्हणून ते घडलं. २००५ मध्ये तिथे शहराची स्वतःची सनद (कारभाराचे मूळ नियम) स्वीकारण्यासाठी मतदान झालं, त्यामुळे नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा सुटली. त्याला मतदान करायला चारशे लोकही आले नव्हते. या रोगावर तुमच्या जाहिरातीचं औषध कसं चालणार?

झोन क्रमांक पाच

धागाकर्त्याशी बराचसा सहमत, पण उदाहरण जवळचं देतो.

सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ पसरली. लोक शहर सोडून पळाले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी झाडू मारून घेतला हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं: त्यांनी मुख्यालयातले अधिकार विभागांत वाटले. विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि कारवाईचे अधिकार दिले, म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी फाईल आयुक्तांपर्यंत जायची गरज उरली नाही. सकाळी सगळे अधिकारी रस्त्यावर, दुपारनंतर एकत्र बैठक, त्या दिवशीच्या अडचणी त्याच दिवशी. नवं बिरूद कुणाला दिलं नाही. निर्णय कुठल्या टेबलावर होतो, ते टेबल बदललं.

आणि वारसाचा प्रश्न तिथे आपोआप सुटला. स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यायची सवय झालेले अर्धा डझन अधिकारी एका वेळी तयार झाले. राव काही वर्षांत बदलून गेले. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत देशात दुसरी होती, २०२३ मध्ये इंदूरबरोबर पहिली. पंचवीस वर्षांत आयुक्त किती आले आणि गेले!

वजाबाकी

@झोन, मनापासून आभार, माझाच मुद्दा मांडलात. राव आले कुठून? बाहेरून! सुरत महापालिकेने त्यांना घडवलं नव्हतं. आतल्यांच्या हातून जे झालं नाही ते बाहेरच्या माणसाने केलं.

अमेरिकेतल्या व्यवस्थापक पद्धतीची (शहराचा कारभार नेमलेल्या पगारी व्यवस्थापकाकडे) जातकुळीही तीच. स्टॉन्टन शहराने १९०८ मध्ये पगारी व्यवस्थापक नेमला, डेटनने १९१३ च्या महापुरानंतर, १९१४ पासून, ही पद्धत घेतली. तो व्यवस्थापक स्थानिक गटातटांपासून लांबचा असावा हाच हेतू. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं हा त्या पेशाचा भागच आहे.

झोन क्रमांक पाच

वरची खुर्ची बाहेरून भरली, मान्यच आहे. भारतात तर १८८८ च्या मुंबईच्या कायद्यापासून आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापालिकेच्या हातात ते नाहीच. पण आयुक्त आल्यावर सकाळी आदेश कुणाला देतो? आत तयार झालेली फळी नसेल तर बाहेरच्या साहेबाचं पहिलं वर्ष कुठला नाला कुठे जातो हे शिकण्यातच जातं. वर्ष संपेतो त्याची बदली.

नळकोंडाळं

सगळे वरच्या मजल्यावर भांडताय. जरा तळघरात या.

मी पाणीपुरवठ्याच्या बाजूने हे पाहिलेलं आहे. कुठल्या शहरात ते सोडा. मुख्य अभियंता गेला तर शहराला पाणी मिळतं. व्हॉल्व्ह फिरवणारा जुना माणूस निवृत्त झाला की मिळत नाही. नकाशावर एका चौकात दोन व्हॉल्व्ह दाखवलेले असतात, जमिनीखाली तीन असतात. तिसरा कधीतरी दुरुस्तीच्या वेळी बसवला, नोंद करायची राहून गेली. त्यातला एक उलटा फिरतो. दुसरा सव्वाबारा फेऱ्यांपलीकडे नेला की गळायला लागतो, म्हणून तो बाराला थांबवायचा. हे कुठल्या सेवाप्रवेश नियमात आहे? त्या माणसाच्या खिशातल्या डायरीत होतं, आणि डायरी त्याच्याबरोबर घरी गेली.

अधिकाऱ्यांचंही वेगळं नाही. कार्यभार हस्तांतरणाचा कागद कधी वाचलाय? कपाटाच्या चाव्या ३, रबरी शिक्के २, मोजमाप पुस्तिका इतक्या, लॅपटॉप चार्जरसह १. ठेकेदाराशी न्यायालयात दावा चालू आहे आणि पुढच्या आठवड्यात म्हणणं दाखल करायचं आहे, हे मात्र त्यात नसतं. ते नोटीस आल्यावर कळतं.

तेव्हा नवं उपप्रमुख पद काढायला पैसे असतील तर ते इकडे द्या. निवृत्तीच्या सहा महिने आधी त्या जागेवर दुसरा माणूस नेमा, दोघं एकाच वेळी कामावर. एका मंजूर पदावर दोन पगार काढता येत नाहीत म्हणून लेखा विभाग अडवतो. बदलायचाच असेल तर हा नियम बदला.

सहीशिक्का

+१. मूळ धाग्यात हे यायला हवं होतं. एका पदावर काही महिने दोन माणसं, हा माझ्या मते या चर्चेतला सगळ्यात स्वस्त उपाय.

जमाखर्च

स्वस्तच. उपप्रमुखासारख्या नव्या कायम पदाचा खर्च पहिल्या वर्षीच्या पगारावर मोजू नका. वेतनवाढ, निवृत्तिवेतन, गाडी, शिपाई, केबिन. पुढचं सभागृह ते रद्द करायला गेलं तर न्यायालयात जाणं आलं. आणि 'फेररचना' म्हटलं की माझा हात आधी खिशाकडे जातो. चतुर्थश्रेणीची पदं 'मृत संवर्ग' म्हणून गोठवायची, म्हणजे माणूस निवृत्त झाला की जागा पुन्हा भरायची नाही, तीच कामं ठेकेदाराच्या माणसांकडून करून घ्यायची आणि वाचलेल्या पैशांत वर दोन साहेब वाढवायचे. तक्त्यावर पदसंख्या कमी दिसते, म्हणून टाळ्या. ठेक्यावरचा माणूस वर्षाला बदलतो. नळकोंडाळं म्हणतात ती डायरी तो लिहिणार कधी?

जुनी नस्ती

दोन मुद्दे राहिलेत.

पदं एकत्र करण्याची दुसरी बाजू न्यूयॉर्कने पाहिली आहे. रॉबर्ट मोझेस १९३४ ते १९६० उद्यान आयुक्त होता. त्याच काळात पूल, रस्ते, घरबांधणी अशी एकेक खाती त्याच्याकडे येत गेली, एका टप्प्यावर बारा पदं एकाच माणसाकडे. कधीही निवडून न आलेला माणूस. काम झपाट्याने झालं यात शंका नाही. ज्यांच्या वस्त्यांतून रस्ते गेले त्यांना मात्र दाद मागायला दुसरं दार नव्हतं. तेव्हा 'समन्वयासाठी पदे एकत्र करणे' असं टिपणीत दिसलं की मी तरी थांबून वाचतो.

दुसरं, सेवाज्येष्ठतेला इथे सगळ्यांनी न बोलता मोडीत काढलंय. ज्येष्ठता यादी रद्दड आहे असं साहेब लोकांना वाटतं, कारण तिच्यात त्यांना काही करता येत नाही. नेमकी तीच तिची उपयुक्तता. ज्याच्या ओळखी नाहीत त्याला आपला नंबर कधी लागणार हे तरी कळतं. फिरवाफिरवी आणि 'नेतृत्वगुण' आले की त्याचा नंबर यादीतून जातो आणि कारण कुणी सांगत नाही. राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत समान संधी म्हटलंय. कुणाला आधीच अनुभव मिळवून दिला तर दुसरा उमेदवार हाच प्रश्न विचारेल.

सहीशिक्का

@जुनी नस्ती, ज्येष्ठतेने कारकुनाचं संरक्षण होतं, मान्य. शहराचं होतं का? यादीत पहिला आलेला माणूस आठ महिन्यांत निवृत्त होणार असतो, तो बसला की पुन्हा हीच धावपळ. वर्षातून दोनदा प्रमुख बदललेली खाती सगळ्यांनीच पाहिली असतील.

समान संधीचं म्हणाल तर फिरण्यासाठी अर्ज मागवा. पात्र असेल त्या प्रत्येकाला टाकता येईल, निवड समितीत बाहेरचा एक सदस्य, आणि नकार दिला तर कारण लेखी.

वजाबाकी

चला, 'अर्ज मागवा' इथपर्यंत तरी आलात. आता एवढंच सांगा: फिरून आलेल्या चौघांचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार? जाणारे साहेबच लिहिणार असतील तर तुमचा बाहेरचा सदस्य त्या मुलाखतीत नेमकं वाचणार काय?

नळकोंडाळं

त्या चौघांतला एक जरी खाली उतरून तिसरा व्हॉल्व्ह नकाशावर काढून आला, तर माझं मत त्याला. अहवाल कुणीही लिहा.