ओल्ड-टाइम फिडल बसून ऐकायचं की त्यावर नाचायचं?

खडूस_काका: अ‍ॅपलाशियाच्या डोंगराळ भागातलं जुनं फिडल, म्हणजे व्हायोलिनच पण गावरान वळणाचं, हे निव्वळ नाचाचं संगीत आहे असं माझं मत. धुनेचे दोन तुकडे, प्रत्येक दोनदा, झाले ६४ ठोके, की परत पहिल्यापासून. घरी ऐकलं तर तिसऱ्या फेरीला जांभई येते. शनिवारी कॉन्ट्रा डान्सला, म्हणजे समोरासमोर रांगा करून जोडीने नाचतात त्या नाचाला, गेलो तर तीच ट्यून दहा मिनिटं चालली आणि अजून वाजवा असं वाटत होतं, कारण पायांना काम होतं ना.

रातराणी: छे हो. क्रुकेड ट्यून्स ऐकल्यात का? मधेच एखादी मात्रा जास्त नाहीतर कमी. त्यावर नाचून दाखवा! आणि १९२२ साली एक (Eck) रॉबर्टसन नावाच्या फिडलवाल्याने न्यूयॉर्कला जाऊन 'सॅली गूडन' रेकॉर्ड केलं ते एकट्याने, साथीला कोणी नाही, एकाच धुनेची रूपं उलगडत बसलाय. हे ऐकायचंच आहे.

पायताण: ताई, क्रुकेडवर फसलात. अडतं ते कॉन्ट्राला, तिथे बहुतेक फिगर, म्हणजे नाचातल्या चाली, आठ ठोक्यांच्या हिशोबात बसवलेल्या असतात. दक्षिणेकडच्या स्क्वेअर डान्सला चार जोड्या चौकोनात, एक जोडी जागेवर पोचली की कॉलर, म्हणजे चाली ओरडून सांगणारा, पुढचं ओरडतो, ओळ कुठे संपली याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, ठेका तुटला नाही म्हणजे झालं. एखादी मात्रा गळाली तर नाचणाऱ्याला कळतही नाही.

खडूस_काका: घ्या! मुद्दा निकाली.

रातराणी: निकाली कसला, नाचताना कळतच नाही म्हणजे ती गंमत ऐकणाऱ्यासाठीच की! आणि ट्यूनिंगचं काय? खालच्या दोन तारा एकेक सूर चढवून ए-ई-ए-ई लावतात, म्हणजे सरळ आपलं सा-प-सा-प. धून एका तारेवर आणि शेजारची मोकळी तार तंबोऱ्यासारखी घुमत राहते. टॉमी जॅरेल हा जुना फिडलवाला ऐका हेडफोन लावून. हॉलमध्ये पन्नास जोडी बुटांच्या धडधडीत हे कुठलं ऐकू यायला?

पायताण: जॅरेलपण नाचाला वाजवायचा बरं का. आणि बुटांचा आवाज हाच तबला समजा.

खडूस_काका: सा-प-सा-प मान्य. काल हेडफोन लावूनच ऐकलं. अकरा वाजता खालच्या मजल्यावरचे वर आले, म्हणाले पाय आपटू नका.