पावडरचा इन्हेलर: कॅप्सूलमध्ये पावडर उरते, औषध पोचतंय का?

जिंतूरकर
आईला दम्यासाठी रोटाकॅप दिल्यात. यंत्रात कॅप्सूल घालायची, फिरवायचं, ओढायचं. आई हळूहळू दोन-तीनदा ओढते, तरी निम्मी पांढरी पावडर आत चिकटलेली दिसते. पावसाळ्यात तर जास्तच. शेजारच्या काकांचा फवाऱ्याचा पंप दाबला की औषध बाहेर येतं. तसलाच घ्यावा का?

लातूरचा फार्मासिस्ट
दादा, लगेच बदलू नका. फवाऱ्याच्या पंपात डब्यातला दाबाखालचा वायू औषध ढकलतो. पावडरच्या यंत्रात ढकलणारं कुणी नाही, सगळी ताकद ओढणाऱ्याच्या श्वासाची.

ती पांढरी पावडर बहुतेक सगळी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. औषधाचे कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवतात, तरच ते फुप्फुसात खोलवर जातात. पण इतके बारीक कण एकमेकांना धरून बसतात, म्हणून ते लॅक्टोजच्या जाड कणांवर बसवलेले असतात. जोरात ओढलं की औषध सुटून पुढं जातं, लॅक्टोज घशात राहतं. हळू ओढलं तर औषधही लॅक्टोजसोबत घशातच. त्यामुळं कॅप्सूल रिकामी दिसली म्हणजे औषध छातीत गेलं, असंही समजू नका.

माझ्या दुकानात डाळ मिलमधले कामगार येतात. मी त्यांना त्यांचंच यंत्र समोर ओढून दाखवायला लावतो. बरेच जण तोंडात धरूनच श्वास सोडतात. तिथंच वाफ लागून पावडरीचे गोळे होतात. आईला सांगा: तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा आणि पहिल्या क्षणापासून जोरात, खोल ओढा. मग झेपेल तसा दहा सेकंद श्वास धरा. पावडर उरली तर पुन्हा ओढा. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायचीच.

यंत्र धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय कॅप्सूल घालू नका. माळवदाच्या घरात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा कॅप्सूलची डबी कोनाड्यात नको, झाकण घट्ट लावून पेटीत ठेवा.

अंबाजोगाईची ताई
माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याला जोरात ओढता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी फवाऱ्याचा पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी, लावून दिला. आजींचाही जोर पुरत नसेल तर डॉक्टरांना हे विचाराच.

लातूरचा फार्मासिस्ट
ताईंचं बरोबर आहे. फक्त पावडरच्या यंत्राला स्पेसर लावायचा नसतो, तो फवाऱ्याच्या पंपालाच. कॅप्सूलचं स्पिनहेलर हे यंत्र रॉजर अल्टुन्यान यांनी काढलं. ते स्वतः दमेकरी आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिक. त्यात ओढल्यावर कॅप्सूल पंख्यासकट फिरायची. म्हणजे तेव्हापासून इंजिन श्वासाचंच आहे.

जिंतूरकर
आईला वाचून दाखवलं. ती आजवर तोंडात धरूनच श्वास सोडत होती. दम जास्त लागतो तेव्हा तिचा जोरच राहत नाही, त्या वेळी काय द्यायचं?

लातूरचा फार्मासिस्ट
ते डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट दवाखाना गाठा.